घड्याळवाल्याचं काय झालं?

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०

आजपासून रोज लिहायचं. पाच वाक्यं तरी. मुद्देसूद. रडगाणं नाही.

मुद्दा एक: बायकोचं पुस्तक आलं. मुद्दा दोन: ते माझ्यावर आहे.

तिला घर सोडून अकरा महिने होत आले. मंगळवारी गेली. (ताई म्हणते शनिवारी. माझ्या प्रत्येक वाक्यात दुरुस्ती करायची ताईला लहानपणापासून सवय आहे.) अकरा महिन्यांत फोन नाही, एक ओळ नाही, आणि आता एकदम दोनशे बारा पानं. हे निरोप पाठवणंच झालं की. मला कळतं असलं.

पुस्तकाचं नाव ‘परवानगीशिवाय चावू नये’. छोट्या गावातली हलकीफुलकी प्रेमकथा, त्यात रहस्य, त्यात व्हॅम्पायर. हे मागच्या कव्हरवर छापलंय. आता व्हॅम्पायर म्हणजे दात, आणि दात म्हणजे मी. बावीस वर्षं कवळ्या बनवतोय. या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या मागच्या खोलीतून गेलंय. आणखी काय पुरावा हवा?

ठराव: पुस्तक या आठवड्यात वाचून संपवायचं.

४ मार्च, मंगळवार. दुपारी

पान ९. नायिका पोस्टात असते. व्हॅम्पायरचा अजून पत्ता नाही. नुसतं तिच्या नवऱ्याचंच पुराण चाललंय. हा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मागच्या खोलीत बसतो, ती काही सांगायला आली की मान वर न करता ‘हं’ म्हणतो. रटाळ माणूस. असली माणसं तिला कुठून सापडतात कोण जाणे.

झोप लागली.

क्लिनिकमधून डॉक्टरांचा फोन. रिटायर्ड मास्तरांची खालची कवळी कधी देताय? उद्या म्हणालो.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी

एक उत्तम युक्ती सुचली.

आमच्या लायब्ररीत नियम आहे. पुस्तक परत करताना अभिप्राय वहीत दोन ओळी लिहायच्या. दोन म्हणजे दोन. त्याशिवाय लायब्ररीच्या बाई दुसऱ्या पुस्तकाला हात लावू देत नाहीत. वही काउंटरला सुतळीने बांधलेली, पेनही बांधलेलं. तर मी विचार केला, इतक्या लोकांनी वाचून सार काढून ठेवलंय, मग मी कशाला दोनशे पानं उपसू? आयता गाळलेला चहा समोर असताना पातेलं कशाला चढवायचं.

तिच्या पुस्तकाच्या चार प्रती आहेत, चारही बाहेर. वेटिंग लिस्ट आहे. काउंटरला टेकून उतरवून घेतलेले अभिप्राय:

‘हा व्हॅम्पायर आठ दिवस आमच्याकडे पाठवा. जेवणाचं आम्ही बघू.’ खाली लिहिलंय, दोन मुलांची आई.

‘तो व्हॅम्पायर बेकरीत तिला स्टूल देतो आणि विचारतो, आज काय काय झालं सांग. तिथे पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.’ ही एक नर्स.

‘खुनी कोण ते ओळखता आलं नाही. घड्याळवाल्याचं काय झालं याची उत्सुकता.’ बँकेतले कुणीतरी.

म्हणजे व्हॅम्पायर गावात लोकप्रिय आहे. परत येताना कान गरम झाले होते. एवढं कौतुक लग्नातसुद्धा झालं नव्हतं माझं.

९ मार्च, रविवार

ताई आली. तिला सगळं सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला. मग विचारलं, पुस्तक वाचलंस का. म्हणालो, सार वाचलंय. तिने विचारलं, आणि तो घड्याळवाला? मी म्हणालो, साइड कॅरेक्टर. माझा घड्याळांशी संबंध काय? माझं स्वतःचं दोन वर्षं बंद पडलंय.

मग पुन्हा शनिवार-मंगळवारचा वाद. मी तिला पुराव्यानिशी गप्प केलं. शनिवारी, रविवारी, सोमवारी फ्रिजमध्ये जेवणाचे डबे होते. वर वारांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मी ते गरम करून खाल्लेत. ती घरात नसती तर डबे कुठून आले असते? मंगळवारी डबा नव्हता, म्हणून मी बाहेर येऊन हाक मारली. म्हणजे मंगळवार. सरळ हिशोब आहे.

ताईने कपबशा विसळल्या. दारात चप्पल घालताना म्हणाली, ती तुला पानं आणून द्यायची वाचायला, आठवतं का.

आठवतं की. टेबलावर ठेवायची. मी ‘वाचतो’ म्हणायचो, आणि खरंच वाचणार होतो. पण टेबलावर प्लास्टरचं काम. एकदा भांड्याखाली काहीतरी हवं होतं, हाताला तीच पानं लागली. तिने ती उचलली आणि ओट्यापाशी उभं राहून वाळलेलं प्लास्टर नखाने खरवडत राहिली. काही बोलली नाही. म्हणजे वाईट वाटलं नसणार.

१२ मार्च, बुधवार

लायब्ररीत नोटीस लागलीय. शनिवारी, २२ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता, ‘लेखिकेशी गप्पा’.

ती येणार. या गावात. माझ्या घरापासून सात मिनिटांवर. एवढ्या लायब्रऱ्या जगात असताना हीच का निवडली?

आज वहीवरून नीट ताडून पाहिलं. व्हॅम्पायर उन्हात जात नाही. मीही नाही. तो आरशात दिसत नाही. मीही दाढी अंदाजानेच करतो अलीकडे. त्याने तिची तीनशे वर्षं वाट पाहिली. माझे अकरा महिने झालेत, पण सुरुवात चांगली आहे. ‘कमी बोलतो आणि सगळं ऐकतो’ असं एकीने लिहिलंय. यातलं कमी बोलतो हे तंतोतंत जुळतं.

प्लॅन: त्या दिवशी व्हॅम्पायरचे दात लावून जायचं. स्वतः बनवलेले, स्वतःच्या मापाचे. रांगेत उभं राहायचं, नंबर आला की हसायचं आणि एवढंच म्हणायचं, ‘मी ओळखलं.’ मग ती रडेल. मग मी तिची बॅग घेईन.

पुस्तक: पान १२.

१५ मार्च, शनिवार

दातांचं काम सुरू. तो गुलाबी लगदा स्वतःच्याच तोंडात कोंबून माप घेतलं. बावीस वर्षं लोकांना ‘काही होत नाही’ म्हणत आलो. होतं.

जुना पांढरा रंग शोधायला कपाट उघडलं तर खालच्या फळीवर तिचा साचा सापडला. नऊ वर्षांपूर्वी दाढेला कॅप केली होती तेव्हाचा. वर माझ्याच अक्षरात तारीख. खालचा पुढचा एक दात किंचित वळलेला, शेजारच्याला खांदा लावून उभा असल्यासारखा. तो तसा आहे हे मी विसरलो होतो. तिच्याकडे इतकं निरखून मी शेवटचं कधी पाहिलं होतं? नऊ वर्षांपूर्वी. आणि तेही प्लास्टरमध्ये.

साचा हातात घेऊन बसलो. घासायचं मशीन तसंच चालू राहिलं. फार आठवण आली. तिची, म्हणजे तिच्या बोलण्याची. या दारात उभी राहून ती रोज काही ना काही सांगायची. काय सांगायची ते आठवेना. एकही गोष्ट आठवेना.

असो. रडगाणं नाही असं ठरलंय.

१८ मार्च, मंगळवार

वहीत नवीन अभिप्राय. मास्तरांनी लिहिलंय: ‘पान सत्तरवर व्हॅम्पायरच्या दातांचं वर्णन फारच सुरेख. माझे कधी मिळणार?’ सार्वजनिक वहीत असं लिहिणं बरं नव्हे.

आणखी एक: ‘घड्याळवाला सापडतो तिथे बसमध्ये इतकी हसले की ड्रायव्हरने वळून पाहिलं. घरी येऊन रडले. का ते सांगता येणार नाही.’ त्याच्याखाली वेगळ्या पेनाने: ‘मीपण.’

मला वाचकांचं काही खरं दिसत नाही. समोर एवढा नायक उभा, आणि सगळे त्या घड्याळवाल्याच्या मागे.

पुस्तक: पान १२. कामाचा ताण.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ७

दात झाले. काय झालेत म्हणून सांगू. हिरडीचा रंगसुद्धा हुबेहूब. आयुष्यातलं सर्वोत्तम काम. एक अडचण, इतके घट्ट बसतात की काढायला चमच्याची मूठ लागते. दुसरी अडचण, ‘व’ आणि ‘फ’ म्हणताना खालचा ओठ सापडतो. ‘व्हॅम्पायर’ म्हणायला गेलो तर रक्त आलं. पण ‘मी ओळखलं’ यात दोन्ही अक्षरं नाहीत. दहादा म्हणून पाहिलं.

काळ्या शर्टाच्या कॉलरवर प्लास्टरचा डाग आहे. घासला. जात नाही.

घर झाडलं. तिची उशी उन्हात ठेवली. मास्तरांना सोमवार सांगितला.

२२ मार्च, शनिवार. दुपारी ३.४०

निघतोय. दोन कप बाहेर काढून ठेवलेत.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७.३०

जसं घडलं तसं लिहितो.

साठेक लोक होते. मी शेवटच्या रांगेत. तिने केस कापलेत. कधी कापले? लायब्ररीच्या बाई प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाचत होत्या. माझी दुसरीच निघाली: नायक खऱ्या माणसावरून घेतला आहे का?

ती म्हणाली, नाही, पूर्ण काल्पनिक. आधी ऐकून घेणारा नवरा लिहिला होता, पण ज्यांना वाचायला दिलं त्यांना तो पटेना. म्हणून व्हॅम्पायर केला. मग सगळ्यांना पटला. सगळे हसले. चारचौघांत ती तरी काय सांगणार? तिला पहिल्यापासून संकोच.

मग मास्तर उठले आणि तोंडावर हात धरून म्हणाले, घड्याळवाल्याचा तुम्हाला राग येत नाही का. ती म्हणाली, राग यायला माणूस समोर यावा लागतो हो. हा प्रश्न गैरलागू होता. उगाच वेळ गेला.

सहीच्या रांगेत मी शेवटचा. माझी प्रत, नवी कोरी, तिच्यासमोर ठेवली आणि हसलो.

ती आधी दचकली. मग हसली, डोळे मिटून, पूर्वीसारखी. तो वळलेला दात दिसला. मी ‘मी ओळखलं’ म्हणणार एवढ्यात तिने विचारलं, वाचलंस?

मी म्हणालो, हो. सगळं.

शेवट कसा वाटला, विचारलं.

मी म्हणालो, रोमँटिक.

 मग पुस्तक तिने उघडलं. पान १२ वर क्लिनिकची पावती होती खूण म्हणून, ती तिने पाहिली आणि तशीच आत ठेवली. पहिल्या पानावर तीन शब्द लिहिले, पेनाचं टोपण लावलं आणि बाईंना म्हणाली, निघते, बस आहे. बॅग तिची तिनेच उचलली.

तिने लिहिलंय: ‘आता तरी वाच.’

म्हणजे आत काहीतरी निरोप आहे. उद्या शोधतो. दात निघत नाहीयेत.

२३ मार्च, रविवार. दुपारी ४

सकाळी सहापासून बसलो. संपलं.

नायिका शनिवारी घर सोडते. निघण्याआधी तीन डबे भरते, वर वार लिहिते. त्याला नीट खायला मिळावं म्हणून नाही. रविवारचा डबा घ्यायला तो बाहेर येईल आणि ती नाही हे त्याला कळेल, म्हणून. स्टँडवर ती तीन बस सोडते. चौथीत बसते.

मग दुकान बंद दिसतं म्हणून गावात बोभाटा, घड्याळवाला गेला कुठे. संशय व्हॅम्पायरवर. पोलीस, कुत्री, विहिरीत गळ. शेवटी व्हॅम्पायरलाच वास येतो जिवंत माणसाचा. सगळे त्या घरात शिरतात. घड्याळवाला मागच्या खोलीत असतो. नऊ महिने तिथेच, बिस्किटांवर. कुणी नेलं नव्हतं त्याला, मारलं नव्हतं. तो डोळ्यावरचं भिंग काढतो, दारातल्या गर्दीत बायको दिसते, आणि विचारतो, ‘कुठे बाहेर गेली होतीस का?’

हे शेवटचं वाक्य आहे. याला मी रोमँटिक म्हणालो.

२४ मार्च, सोमवार

मास्तरांची कवळी पोचवली. बसली. माझे दात कापून काढावे लागले.

तिथून लायब्ररीत गेलो. बाईंना म्हणालो, प्रत माझी घरची आहे, पण मला वहीत लिहायचंय. त्यांनी पेन पुढे सरकवलं.

लिहिलं: ‘वाचलं.’

बाई म्हणाल्या, दोन ओळी लागतात.

 मागे रांग झाली. मग दुसरी लिहिली.

‘ती शनिवारी गेली होती.’