काचेच्या कपाटातलं ताट

आई, काल पेडण्याला आपल्या घरी जाऊन आले. आता त्याला घर म्हणत नाहीत, स्मारक म्हणतात. बाबांचं. दादा समितीवर आहे, त्यानेच वाळपईला फोन करकरून मला बोलावलं. भिंतींना कसलासा पिवळा चकचकीत रंग फासलाय. दारापुढच्या बलकांवातल्या ज्या बाकावर बसून बाबा पाहुण्यांना कविता ऐकवायचे, तिथे त्यांचा पुतळा बसवलाय, ओठ गुलाबी रंगवलेला. अंगात सदरा मात्र खरा, त्यांचाच. कॉलर झिजली म्हणून तू उलटी करून शिवला होतास, तो.

तुझं रांधपघर शोधत मागे गेले, तर चूल होती तिथे दोन संडास. एकाच्या दारावर साडीतल्या बाईचं चित्र. फिनेलचा असा भपकारा आला की पदर नाकाला लावला. दादा म्हणाला, "येणाऱ्यांची सोय कुठेतरी करायला हवी होती गो. रांधपघरात बघण्यासारखं काय होतं?"

मधल्या खोलीत माहिती सांगणारी हरमलची एक मुलगी होती. पाठ केलेलं भराभर बोलत होती, बिचारी. बाईच्या सोसण्यावर इतकं हळवं लिहिणारा दुसरा कवी नाही, म्हणाली. मग काचेच्या कपाटातला दिवा लावला. आत आपलं पितळी ताट, घासून लखलखीत केलेलं. "कवी या साध्या ताटात जेवत. काठाचा हा पोचासुद्धा आम्ही तसाच जपलाय." बघायला आलेली माणसं वाकून वाकून पोचा बघत होती. एका बाईने तर काचेला हात लावून नमस्कार केला.

मला ती दुपार दिसते. माशाच्या हुमणात आंबट जास्त झालंय. बाबा ताट उचलतात आणि तुझ्या दिशेने भिरकावतात. ते तुझ्या खांद्याला लागून दगडी उंबऱ्यावर आपटतं. भिंतीवरून रस ओघळतो. मी रडते, आणि तू खांदा धरून मला म्हणतेस, "रडू नको गो, केरसुणी हाड." मी ती आणून देते. संध्याकाळी बलकांवात माणसं जमली, आणि त्याच दुखऱ्या हाताने तू सगळ्यांना चहा नेऊन दिलास.

मी मोठ्याने म्हणाले, "हे ताट त्यांनी माझ्या आईला फेकून मारलं होतं. तेव्हाचा पोचा आहे हा." त्या मुलीने घाबरून दादाकडे पाहिलं. दादा हसला. "माझी बहीण. तेव्हा एवढीशी होती, हिला काय आठवतंय!" मग सगळेच हसले. सुटल्यासारखे.

बाहेर आल्यावर त्याने माझं मनगट धरलं. "मेलेल्या माणसाचं कित्याक उकरतेस?"

"आईपण मेलीच आहे ना?"

"तिचं कोण विचारतंय?" हे तो रागाने बोलला नाही गं. अगदी सहज बोलला. त्याचीच किळस मला सगळ्यात जास्त आली. त्या पुतळ्याच्या ओठांपेक्षा, संडासांपेक्षा जास्त. आयुष्यात परत इथे पाय ठेवायचा नाही असं ठरवून मी पायऱ्या उतरायला लागले.

तेवढ्यात डिचोलीच्या कॉलेजातल्या दोन मुली धावत आल्या. "तुम्ही खरंच त्यांची मुलगी?" त्यांचे डोळे असे चमकत होते की काय सांगू. "आमच्याबरोबर एक फोटो काढाल?"

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे. मी परत वर चढले. पुतळ्याशेजारी उभी राहिले, पदर नीट केला आणि हसले. एकीने म्हटलं, तुमचं नाक अगदी त्यांच्यासारखं आहे. आई, मला बरं वाटलं.