तळ्याकाठच्या पाइनची फांदी

हेल्सिंकी, नोव्हेंबर १८८९

आई, तुझ्या हिल्माची खुशाली ऐक.

मी बरी आहे. खोकला आहे, पण इथे तो सगळ्यांनाच आहे. पाद्रीबाईंचं चित्र झालं. बघून म्हणाल्या, “अगं, मला इतकी पांढरीफटक का केलीस?” काय सांगू? चेहऱ्याचा रंग मी आरशात बघून कालवला होता.

बाबांची कंबर कशी आहे? मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या नावाने तळ्याकाठच्या पाइनच्या फांद्या छाटल्या होत्या. असं नावाचं झाड वाळलं तर घर सोडून गेलेलं माणूस परतत नाही, असं आजी म्हणायची. माझा विश्वास नाही. तरी झाड कसं आहे ते विचारलं, म्हणून तू त्याची फांदी पाठवलीस. पोचली. हिरवीगार आहे.

पण आई, त्या झाडाचा हिरवा मी चाळीस चित्रांत कालवलाय. हा त्याचा नाही.

तुझीच,
हिल्मा