सुजाताच्या नावाची पावती

आलापल्ली, सोमवार, १२ जानेवारी

आज शेवटी सुजाताच्या मृत्यूचा दाखला बँकेत दिला. मॅनेजरनं कपाळालेच हात लावला. म्हणे, "भाऊ, तिच्या नर्सिंगच्या कर्जाला विमा होता. मुलगी गेली तेव्हाच हा कागद आणला असता तर सगळं माफ झालं असतं. वर्षभर हप्ते कशाला भरत बसलात?"

मले माहीत नव्हतं, म्हणलो. खोटं काऊन बोललो? कर्ज काढलं त्या दिवशी तिनंच तो कागद मले वाचून दाखवला होता. हसून राह्यली होती. "बाबा, मी मेली तर तुमी सुटले."

खरं कसं सांगू? हप्ता भराले गेलो की कॅशियर पावतीवरचं नाव मोठ्यानं पुकारते. "सुजाता!" मंग मी उठतो अन् "आहे" म्हणतो. महिन्यातून एकदा. घरी तर तिचं नाव कोणी काढत नाई, तिची आई दिवसभर जेवत नाई मंग.

आमच्या जंगलात सागवान तोडला तरी खुंटावर फॉरेस्टवाल्यानं हातोड्यानं ठोकलेला नंबर राहते. बँकेत तसं नाई. खातं मिटलं की नाव गेलं. पण धाकटीची कॉलेजची फी भराची आहे, कुठवर ओढू?

सह्या झाल्या. दाखल्याची पोच घ्याले कॅशियरनं पुकारलं, "सुजाता!"

मी समोरच बसलो होतो. उठलो नाई.

मंग त्यानं आणखी एकदा पुकारलं.