ताणलेली साखळी

३ मार्च, मंगळ. पौर्णिमा.
डिंडोलीहून पहिल्या बसने नदीवर, नव्या कामाला. तरंगत्या धक्क्याचे चारही कोपरे पाहिले. ओहोटी होती, साखळ्या लोंबत होत्या. डोळ्याला बरं वाटेना. तीस वर्षं लूमचा फिटर, सैल काही बघवतच नाही. काठाकडच्या दोन्ही आवळून टाकल्या. नावाडी रतिभाई म्हणाले, "काका, ढीली राखो. पाणी चडशे." मी हसलो. "अहो, ढिल्या ताणाने कापड निघतं का कधी?"

संध्या. — दुपारी भरती आली. धक्का वर यायला धडपडला, साखळ्यांनी सोडला नाही. काठाकडची बाजू पाण्याखाली. माणसं कशीबशी उतरवली. रतिभाई पहार घेऊन साखळी सोडवायला गेले, ताणलेली साखळी निसटून त्यांच्या नडगीवर बसली. हाडाचा आवाज ऐकला मी.
आपल्या गावची तापी एकाच दिशेला जाते. इथली रोज दोनदा चढते. इतकी वर्षं सुरतेत काढली, डोक्याला ठाऊक होतं. हाताला नव्हतं.

५ मार्च
सुपरवायझर म्हणतो, रतिभाईंनी साखळीला हात घातला म्हणूनच झालं. त्यांना कामावरून काढलं, दवाखानाही त्यांच्याच माथी. साक्षीदार म्हणून मी सही करायची. त्याचा टाईप केलेला कागद तसाच टेबलावर ठेवून निघालो.
घरी हिला सांगितलं. भाकरी थापता थापता थांबली. "तुम्ही उगा राहा. या वयमा कोन काम दी तुम्हले?" खोटं नाही तिचं. पण जेवण काही...

७ मार्च
दवाखान्यात गेलो, पपई घेऊन. रतिभाईंच्या पायात सळी घातलीय. मी पपई चिरत बसलो, वर बघवेना. तेच म्हणाले, "काका, हुं तमारुं नाम नहीं लउं. तमे ज कहेजो." म्हणजे ते माझं नाव घेणार नाहीत, मीच सांगायचं. बियासुद्धा नीट काढता आल्या नाहीत.

९ मार्च, सोम.
खरं काय ते लिहून ऑफिसात मोठ्या साहेबांना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं. मग सुपरवायझरचा टाईप केलेला कागदही काढला, दोन्ही माझ्यापुढे सरकवले. "काका, आपके वाले पे भी सही नहीं है. सोच के आओ, किस पे करनी है."
खरंच, सही राहिलीच होती. विसरलो म्हणू? का...
फाटकाबाहेर बसलोय. दोन्ही कागद मांडीवर. वॉचमनने पेन दिलं, म्हणाला कधीकधी अडतं. चालतं का बघायला आधी वहीत एवढं लिहिलं.
चालतंय.