मारुस्याच्या वाटचे ट्राउट

मृत्युपत्राचा छापील नमुना ज्यांनी काढला, त्यांच्याविरुद्ध माझी पहिली तक्रार आहे. दागिन्यांसाठी त्यांनी नऊ ओळी सोडल्या आहेत आणि 'इतर इच्छा' यासाठी दोन. माझ्याकडे दागिना म्हणजे एक मनगटी घड्याळ, तेही जेवणानंतर बंद पडतं. म्हणून ही पुरवणी पानं जोडली आहेत. खरं मृत्युपत्र हीच पानं समजावीत. छापील नमुना कॉफीच्या कपाखाली ठेवायला बरा आहे, मी ठेवलाच आहे.

मी, ह्याल्मार एयोल्फसन, वय छप्पन्न, धंदा पूर्वी सरोवरावर मासेमारी आणि गेली बावीस वर्षं साप्ताहिकातून लोकांची टिंगल, राहणार आर्बोर्गजवळ, मॅनिटोबा, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही. त्याची शस्त्रक्रिया येत्या सोमवारी विनिपेगला आहे आणि डॉक्टरीणबाई आकडे सांगताना माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होत्या. मी हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असं पुढे म्हणायची पद्धत आहे. दडपण आहे. चार वर्षांपूर्वीचं आहे आणि माझं मीच आणलेलं आहे.

याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी एका भांडणाच्या दुसऱ्या दिवशी केलं होतं आणि त्यात कोणालाच काही दिलं नव्हतं.

कलम १. घर आणि बँकेत जे काही असेल ते माझी भाची थोरुन हिला. एक अट आहे. दर शरदात गार्टर साप भिंतीच्या फटीतून तळघरात उतरतात. ते बिनविषारी आहेत आणि माझ्या आजोबांच्या वेळेपासून येताहेत. मे महिन्यात शेवटचा साप बाहेर पडेपर्यंत फटी बुजवू नयेत. थोरुन, किंचाळायचं असेल तर किंचाळ, पण फावडं उचलू नकोस.

कलम २. होडी, जाळी आणि बर्फात भोक पाडायचं गिरमिट विकून टाकावं. गिरमिट माझ्या मेव्हण्याला विकू नये. त्याने ते एकदा मागून नेलं आणि परत आणलं तेव्हा त्याला धार नव्हती.

कलम ३. संपादक गार्नेट यांना माझ्या सर्व लेखांच्या कात्रणांची पेटी. त्यांनी बावीस वर्षांत कापलेली विशेषणं मी वेगळ्या पाकिटात जपून ठेवली आहेत, तीही त्यांनाच. एक लेख मात्र पेटीत सापडणार नाही. तो कुठे आहे ते कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. माझ्याकडे दोन गार्टर साप आहेत, हेकला आणि लहानी. दोघी माद्या, वय चार वर्षं. त्या माझ्या शेजारीण श्रीमती ओरिसिया पॅनचुक यांना द्याव्यात, त्या घेतील तर. कलम ५ वाचल्यावर त्या घेतील की नाही, मला माहीत नाही. इस्पितळातून मी परत आलो तरी दोन महिने मला काही उचलता येणार नाही, आणि नाही आलो तर प्रश्नच मिटला. दोन्ही परींनी सोमवारपासून या दोघींना खायला घालायला कोणी नाही. एवढ्यासाठीच हे सगळं लिहितो आहे, बाकीची कलमं नुसती सोबतीला आहेत.

खाण्याचे नियम पॅनचुकबाईंचेच आहेत. त्यांनी मला स्वतःच्या हाताने लिहून दिलेला तक्ता फ्रिजच्या दारावर आहे. तो जसाच्या तसा पाळावा:

आठवड्यातून एकदा खाणं. घास सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फार मोठा नको. मोठी गांडुळं चालतात, पण फवारणी न झालेल्या मातीतली, धुऊन. खताच्या ढिगातली लाल गांडुळं विषारी असतात, ती कधीही नाहीत. ट्राउट मासा कातडीसकट चिरून. नुसत्या मासळी-गांडुळांवर ठेवू नये, दर दुसऱ्या खेपेला उंदराचं बिनकेसाचं पिल्लू, गोठवलेलं, गरम पाण्यात नीट वितळवून. जिवंत उंदीर नाही, तो चावतो. दोघींना वेगवेगळ्या डब्यात खायला द्यावं, नाहीतर एकाच गांडुळाची दोन टोकं दोघी धरतात आणि एक दुसरीला गिळू लागते. खाल्ल्यावर दोन दिवस हातात घेऊ नये. पाणी रोज ताजं.

आणि तक्त्याच्या तळाशी, लाल शाईत, दोनदा अधोरेखित: स्मेल्ट नाहीत. गोल्डफिश नाहीत. या माशांत असं काहीतरी असतं की त्याने सापाच्या अंगातलं एक जीवनसत्त्व नष्ट होतं. मासा गोठवला तरी ते जात नाही.

कलम ५. चार वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी पॅनचुकबाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आठ आठवडे विनिपेगला गेल्या. जाताना त्यांनी आपला एकुलता एक साप माझ्याकडे सोपवला. तिचं नाव मारुस्या, वय अकरा. पेट्रो पॅनचुक वारले त्या वर्षी त्यांनी बायकोसाठी एका पाळणाऱ्याकडून आणलेली शेवटची वस्तू. तेव्हा ती पेन्सिलीएवढी होती. सोबत तक्ता आणि ट्राउटची बारा पाकिटं.

"लेखकमहाशय," त्या म्हणाल्या, "तुझ्या विनोदबुद्धीला आठ आठवडे सुट्टी दे. लाल शाईतलं तेवढं वाच."

"पॅनचुकबाई, माझं बारसं सरोवरावर झालंय. मासा मला शिकवताय?"

"तुला नाही रे. तुझ्या फ्रीझरला."

त्या गेल्या आणि मी लेख लिहिला. आमच्या गावात एका सापाला आहारतज्ज्ञ आहे, मला नाही, असा. तक्त्याच्या ओळी मी त्यात जशाच्या तशा टाकल्या. सगळीकडे लोक हसले. सहकारी दुकानात मला कॉफी पाजली. एका मासेमाराच्या पोराला आपल्या सरोवरातला मासा विषारी म्हणून सांगावं, हे आमच्यापैकी कोणाच्याच पचनी पडलं नव्हतं. माझ्याकडे तेव्हा बादलीभर स्मेल्ट पडून होते, चांदीसारखे, फुकटचे. मी मारुस्याला तेच घातले. आठवड्यामागून आठवडे, दुसरं काही नाही.

आणि ट्राउट मी खाल्ले. बाराही पाकिटं, लोण्यात तळून, वर शेपू पेरून. हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

सहाव्या आठवड्यात मारुस्याचं डोकं थरथरू लागलं. ती मान वळवून वर बघायची आणि बघतच राहायची. उलटी पडली की तिला सरळ होता येईना. मी तक्ता काढून लाल शाई पुन्हा वाचली, या वेळी न हसता. मग गांडुळं आणली, धुतली, बारीक चिरली, तिच्या तोंडाशी धरली. तिने जीभ बाहेर काढली, बस्स. पशुवैद्याला फोन केला नाही, कारण त्यानेही माझा लेख वाचला होता. जूनच्या दहा तारखेला सकाळी ती मेली.

मासे धुरावर धरायचं माझं धुरघर आहे, त्याच्या मागे मी तिला पुरलं. गुंडाळायला वर्तमानपत्राचं पान घेतलं. ते कुठलं होतं ते पुरून झाल्यावर लक्षात आलं. कलम ३ मधला गहाळ लेख तो.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मारुस्याचं शेपटीचं टोक तुटलेलं होतं. मी तीन दिवस लाकडांच्या ढिगामागे गुडघ्यांवर रांगत टोक तुटलेली मादी शोधली. सापडली. मारुस्याच्या काचेच्या टाकीत ठेवली.

पॅनचुकबाई काठी टेकत घरी आल्या. टाकीसमोर बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "तरुण दिसायला लागली की रे ही."

"तुमचा तक्ता पाळला ना," मी म्हणालो.

ऑगस्टमध्ये त्यांनी मला कुंपणापाशी हाक मारली. "ह्याल्मार, म्हातारीला पोरं झाली. अठरा. अकरा वर्षं एकटी राहिलेली बाई. नवरा कुठून पैदा केला असेल?"

मी म्हणालो, चमत्कार. होय, हेच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं मला बक्षीस म्हणून आणून दिली, सोबत नवीन तक्ता, लाल शाईसकट. तेव्हापासून त्या बाईंबद्दल मी एक ओळ लिहिलेली नाही आणि त्यांच्यासमोर मासा खाल्लेला नाही. त्यांना कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

कलम ६. माझं धुरघर, त्यामागच्या जमिनीसह, श्रीमती ओरिसिया पॅनचुक यांना.

(हे कलम मी रद्द केलं आहे. वकिलांच्या कचेरीतून फोनवर सांगण्यात आलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तेव्हा बाईंना वारस करायचं की साक्षीदार, हे निवडायचं होतं. बाई वारस झाल्या असत्या तर हे सगळं त्यांनी मी मेल्यावर वाचलं असतं, आणि ते मला फारच सोयीचं होतं. कलम ४ मधल्या दोघीही त्यामुळे मृत्युपत्रातून वगळल्या. द्यायच्या तर त्या आज, माझ्या हाताने.)

कलम ७. आज दुपारी माझ्या स्वयंपाकघरात लिहिलेलं. साक्षीदार दोन, पॅनचुकबाई आणि टपाल कचेरीतल्या डोलोरेस. साक्षीदारांनी मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, असं डोलोरेस म्हणाली. मी म्हणालो, एकीने वाचायचा आहे.

बाईंनी चष्मा लावला. कलम ५ ला त्यांनी पान उलटलं, परत मागे उलटलं, पुन्हा वाचलं. डोलोरेस सिंकच्या वरच्या खिडकीतून अंगण बघत होती, अंगणात काहीही नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"साप बदललाय, हे पहिल्याच दिवशी कळलं. अरे, मारुस्या माझ्या बाहीत शिरून झोपायची. ही मला चावली." त्यांनी चष्मा काढला. "कशाने गेली ते माहीत नव्हतं. म्हातारपणाने गेली असेल, अशी चार वर्षं समजूत घालत होते मी."

चष्म्याच्या काड्या मिटून त्यांनी विचारलं:

"त्रास झाला तिला?"

"झाला."

"किती दिवस?"

"नऊ."

त्या उठल्या, काठी घेतली आणि मागच्या दाराने धुरघरामागे गेल्या. मी जायचं की नाही ते कळेना. डोलोरेस म्हणाली, "बस गप्प." बसलो. त्या परत आल्या तेव्हा बुटांना चिखल होता.

"लेखात गुंडाळलंस?"

"हो."

"तेवढ्या तरी कामाला आला." मग फ्रिजकडे बघत म्हणाल्या, "तो तक्ता काढून दे. आणि त्या दोघी. टाकी तूच उचलून आण, सोमवारपर्यंत तुला उचलता येतं ना अजून?"

"येतं. बाई, मी..."

"माफीबिफी मागू नकोस, ह्याल्मार. मला ती ठेवायला जागा नाही. परत ये आणि गांडुळं धू. माझ्याने आता वाकवत नाही."

टाकी मी उचलून नेली. दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला बाई हेकलाला पाणी घालत होत्या, तेव्हा कालच विनिपेगहून आणलेली ट्राउटची बारा पाकिटं, कातडीसकट चिरलेली, मी त्यांच्या फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात लावून ठेवली आणि दार हळूच लोटलं.

वरील मजकूर माझाच, आणि खरा आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करतो.

ह्याल्मार एयोल्फसन

साक्षीदार:
१. डोलोरेस मॅकआयव्हर, टपाल कचेरी. (मी वाचलेलं नाही.)
२. ओरिसिया पॅनचुक. (मी वाचलं. पाकिटं पोचली.)

स्थळ: आर्बोर्गजवळ, मॅनिटोबा
दिनांक: ४ ऑक्टोबर २०१९