आत्याने मागितलेला फोन

नुकुआलोफा, ११ ऑगस्ट

चि. फिलिमोने यास मोठ्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत मोजे घालतोस ना, की अजून चपलांतच फिरतोस? वाइओलाचा रक्तदाब उतरला का? धाकट्या लुसीला पुढचे दात आले का? तुझ्या सासूबाई अजून मला नावं ठेवतात का? ठेवत असतील तर त्यांची तब्येत ठणठणीत आहे, असं मी समजते.

इथे सगळं बरं. कोनफळं यंदा चांगली पोसली. डुकरीण व्याली.

साइआही मजेत आहे. तुझ्या लेकाची बदली झाली, उत्तरेच्या टोकावरच्या बेटावर. हवा चांगली, मासे भरपूर. बोट कधीमधी जाते.

आता ते बदलीचं. चर्चबाहेर तिखटमीठ लावून सांगणारे खूप आहेत, म्हणून मीच लिहिते.

वादळात पडलेल्या घरांसाठी आलेले पत्रे एका मंत्र्याच्या डुकरांच्या गोठ्यावर चढले. आपल्या पेनीने ते त्याच्या साप्ताहिकात फोटोसकट छापलं. डुकरं कोरडी, माणसं ताडपत्रीखाली. बातमी खोटी आहे असं मंत्री एकदाही म्हणाला नाही. त्याला फक्त सांगणाऱ्याचं नाव हवं होतं, आणि ते पेनीच्या फोनमध्ये होतं. माणूस कोण, मला ठाऊक नाही. असतं तरी लिहिलं नसतं. सरकारी गोदामात कामाला आहे आणि घरात एकटाच कमावता आहे, एवढंच ऐकलं.

फोन जप्त करायला पाठवलं कुणाला, तर आपल्या साइआला. त्याने निमूटपणे हुकूम पाळला, फोन पिशवीत घातला आणि निघाला. पेनीच्या दारातून पोलीस ठाणं डावीकडे, माझं घर उजवीकडे. पोरगं उजवीकडे वळलं. भूक लागली म्हणाला. पोटभर जेवला, पिशवी चटईवर माझ्याकडे सरकवली आणि हात धुवायला गेला.

परत आल्यावर मी म्हटलं, "ती पिशवी मला आवडली. दे."

"आत्या, ती सरकारची आहे."

"आणि तू कुणाचा?"

"तुझ्या भावाचा."

"मग दे."

इतक्या पटकन दिली, की मागायला मीच उशीर केला असं वाटलं. आत्याने मागितलेलं भाचा नाकारत नाही, हे तू तिकडे राहून विसरला नसशील.

मग ठाण्यातले त्याचे साहेब स्वतः आले. मी पिशवीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी नारळपाणी घेतलं, पावसापाण्याचं बोलले आणि निघून गेले. मंत्री म्हणे त्यांच्यावर कडाडला. साहेब म्हणाले, "सर, ती त्याची आत्या आहे."

"सख्खी?"

"सख्खी."

मंत्री खाली बसला. नाताळात त्याच्या आत्याला त्याचा फ्रिज आवडला होता. तो त्याने स्वतः उचलून तिच्या गाडीत ठेवला, हे साऱ्या गावाने पाहिलंय.

मी फोन पेनीला परत दिला. शुक्रवारचा अंक वेळेवर निघाला. पत्रे अजून गोठ्यावरच आहेत, पण लोक येताजाता थांबून बघतात आणि मंत्री मागच्या दाराने घरात शिरतो. आत्याला हात लावता येईना, तेव्हा भाच्याला बोटीवर चढवलं.

धक्क्यावर साइआ मला म्हणाला, "बाबांना सांग, मी कामात चुकलो."

"चुकलास का?" मी विचारलं.

तो बॅग उचलून वर गेला. त्याचा वर्दीतला फोटो तू बैठकीच्या भिंतीवर लावलायस, हे त्याला माहीत आहे. तो अजून तिथे आहे का, हे त्याला विचारायचं होतं. विचारलं नाही.

फिलिमोने, आजवर तुझ्याकडून मी पंखा मागितला, शिवणयंत्र मागितलं, वाइओलाचा नवाकोरा कोटसुद्धा मागितला. तू कधी नाही म्हणाला नाहीस. आता एक पत्र मागते. मला नको, त्याला लिही. बोट महिन्याच्या अखेरीस सुटते. तिच्यावर चढेल इतक्या लवकर लिही.

मागायचा हक्क असलेली,
तुझी बहीण,
मेलेसेइनी