ओंबीवरची फुली

आये, तुझ्या पोरीला म्हातारपणी खाऊचं याड लागलंय. सकाळपासून मी आन् माझी नात ओट्यावर बसून नुसत्या पुड्या फोडतोय. नगरला आता असलं किराणा दुकान झालंय की आपणच टोपली घेऊन हिंडायचं, दिसंल ते उचलायचं. मला तर चोरी केल्यासारखंच वाटलं. लेकानं तिथनं ज्वारीच्या चकल्या, नाचणीची बिस्किटं, राजगिऱ्याच्या कुरकुरीत काड्या, आन् काय काय घेतलं. आन् बाजरी गं! बाजरीच्या लाह्या, तिखटमीठ लावून चमकत्या पुडीत! जी खाऊन आपला जीव विटला हुता, ती आता मोठ्या लोकांत बसाय लागली.

ह्या सगळ्याला अट एकच, गव्हाचा कण नको. नातीला गहू बाधतो. गव्हात कायतरी चिकट असतं, ते तिच्या आतड्याला सोसत न्हाई, असं डाक्टर म्हणला. त्याचं नाव मी 'गुलटन' घेते आन् नात पोट धरून हसती. मी पडले दुसरीपर्यंतची, पुडीवरचं इंग्रजी काय वाचणार? मग तिनं मला खूण शिकवली. पुडीवर गव्हाची ओंबी काढलेली असती आन् तिच्यावर फुली. "आजी, ओंबीवर फुली दिसली की बिनधास्त फोड."

नाचणीचं बिस्किट खाल्लं तर ती विचारती, "कसंय?"

"पोतेऱ्यासारखं."

"ई! तू पोतेरं खाल्लंस कधी?"

"माती खाल्ली लहानपणी, पोतेऱ्याचं काय घेऊन बसलीस."

आतनं सून वरडली, "आत्या, ते पोरीसाठी आणलंय, तुमीच संपवू नका!"

"तू तुझी पोळी खा बाई, आमची पंगत निराळी," मी म्हणले. हसून हसून डोळ्याला पाणी आलं. आन् आलं ते थांबंना.

कारण आये, मागल्या साली ह्या पोरीचं पोट नगाऱ्यासारखं झालं हुतं आन् हातापायाच्या काड्या. खाल्लेलं अंगी लागंना, दिवसातनं धा येळा परसाकडं. सगळे म्हणत हुते, असं कसं झालं. ते पोट मी आधी बघितलं हुतं. माझ्या पाठच्या धाकटीचं.

आपल्या कोरड्या रानात गहू कुठला? नेवाशाकडं, पाटाच्या बाजूला गहू निघाला की तू सरवा वेचाय जायचीस. कापणी झाली की रानात गळून पडलेल्या ओंब्या, उन्हात वाकून एकेक. मला अजून दिसतं. तू दिवस मावळताना येतीस, पदराची गाठ सोडतीस, ओंब्या चोळतीस, पाखडतीस, जात्याला बसतीस. आन् तव्यावर एकच पोळी पडती, धाकटीची. मी परातीपाशी घुटमळते. "आये, मलाबी पोटात दुखतंय." तू वरबी न बघता म्हणतीस, "निरोग्याला भाकर, दुखणाईताला पोळी. हो बाजूला." केवढा राग यायचा मला तुझा! ती पोळी ढकलून द्यायची, तू दुधात कुस्करून तिच्या तोंडात घालायचीस. "खा गं माझे बाई, अंगात ताकद येईल." ती वकायची. तू पुसायचीस आन् परत घास करायचीस.

एका उन्हाळ्यात गहू सरला आन् तीबी आमच्याबरुबर बाजरीवर आली. थोड्या दिवसांनी गालावर मांस धरलं, माझ्यामागं पळाय लागली, वेण्या घाल म्हणून भांडाय लागली. तू आख्ख्या आळीत सांगत हिंडलीस, "गहू अंगी लागला माझ्या पोरीच्या." पुढच्या हंगामात तू जास्त सरवा वेचलास. पहाटंच जायाची. तळपायाला धसकटं रुतून रक्त यायचं. आन् त्या साली पोळ्याच्या आधी ती गेली.

मी डाक्टरला विचारलं, आमच्या धाकटीचं असंच हुतं का? तो म्हणला, "आजी, आता कसं सांगता येईल? असेलही." चांगला माणूस, पण 'असेलही' म्हणताना त्यानं खाली बघितलं.

मरताना तू माझा हात धरून काय म्हणलीस, आठवतं? "आणखी पायलीभर गहू मिळाला असता, तर पोर हाती लागली असती." ते घेऊन गेलीस तू. मला वाटायचं, ह्यापरीस वाईट काय असंल. आता कळलं, काय असंल ते.

आज तुझं पित्र. खीर, वडे, आमटी, सगळं झालंय. कागद पानाखाली सरकवीन म्हणून लिहाय बसले हुते. न्हाई सरकवणार. घडी घालून चुलीत टाकीन. तुला पोळी गोड लागू दे.

दरसाल तुझ्या पानाच्या कडेला मी धाकटीसाठी एक पोळी ठेवते. औंदा हात हुईना. बाजरीच्या लाह्या ठेवाव्या म्हणले, तर पुडी मीच संपवून बसले. नातीला वाटतंय मांजरानं सांडली. मग मघाशी एक भाकर थापली, लहानशी, धाकटीच्या हाताएवढी. तू बघून रागावशील, पोरीच्या वाट्याला भाकर का म्हणून. तर मी खोटंच सांगीन आये, की ती कवाच बरी झाली. तूच म्हणायचीस ना, निरोग्याला भाकर.